मागून जेवणारी

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावांमध्ये जेवणाला एक ठरलेला क्रम आहे. आधी लेकरं, मग पुरुष मंडळी, मग सासू आणि नणंदा, आणि सगळ्यांची ताटं उचलली गेली की सून. ‘तुमी घ्या जेवून, मी बसतो मांगून,’ असं ती म्हणते. तिला कुणी अडवत नाही, कारण तिच्या सासूनंही उमेदीच्या वयात हेच म्हटलेलं असतं. ती बसते तेव्हा टोपल्यात भाकर नाहीतर पोळी असतेच. उपाशी आताशा कुणी निजत नाही. पण भाजीच्या गंजाचा तळ दिसत असतो, वरण पाणी घालून वाढवलेलं असतं, आणि चहापुरतं आणलेलं दूध सकाळीच संपलेलं असतं. उरते ती भाकर, ठेचा आणि तांब्याभर पाणी.

ही मागून जेवणारी बहुतेक घरांत विशीतली असते. तिच्या पोटात लेकरू राहणार असतं, किंवा राहिलेलंही असतं आणि तिचं तिलाच अजून ठाऊक नसतं. मी मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आनुवंशिकतेचा धडा दरवर्षी शिकवायचा असतो, आणि त्या धड्याच्या पुढचं वाचत गेले तसं माझं लक्ष जनुकांवरून सरकत सरकत या ताटावर येऊन थांबलं. आज ते ताटच माझ्या लिहिण्याचा विषय आहे.

शेतकऱ्याच्या लेकरांना सातबारा समजावून सांगावा लागत नाही, म्हणून वर्गात मी तोच घेते. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची, किती, गट नंबर काय, हे असतं. पिढ्या उलटल्या तरी त्यात फारसा बदल होत नाही. नमुना बारामध्ये त्या हंगामात वावरात काय पेरलं, किती क्षेत्रात, काय पडीक ठेवलं, ते असतं. आपल्या पेशींतला डीएनए म्हणजे नमुना सात. जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच, सुमारे २०,००० जनुकांचा. त्यातली कोणती जनुकं या पेशीत लागवडीखाली आहेत आणि कोणती पडीक, ही नोंद म्हणजे एपिजेनेटिक खुणा, म्हणजेच नमुना बारा. यकृताच्या पेशीतली नोंद वेगळी, मांडीच्या स्नायूतली वेगळी, पोटावरच्या चरबीतली वेगळी. कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं १९४२ मध्ये या विषयाला ‘एपिजेनेटिक्स’ हे नाव दिलं. खुणा प्रत्यक्ष कशाच्या बनतात ते पुढं कळत गेलं.

त्या कशाच्या बनतात, हेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सर्वांत जास्त अभ्यास झालेली खूण म्हणजे डीएनएला चिकटणारा मिथाइल गट: एक कार्बन, तीन हायड्रोजन. एवढासा हा गट जनुकाच्या सुरुवातीच्या भागात दाटीनं बसला की ते जनुक बहुधा गप्प होतं. शरीर हा गट अन्नातून मिळवतं. हिरव्या पालेभाज्या आणि डाळींतलं फोलेट, दूध-अंडी-मासे-मटणातलं जीवनसत्त्व बी-१२, प्रथिनांतलं मेथिओनिन, अंड्यात आणि सोयाबीनमध्ये असलेलं कोलीन, या सगळ्यांतून मिळून पेशीत एस-ॲडेनोसिल मेथिओनिन नावाचा रेणू तयार होतो, आणि तो डीएनएला मिथाइल पुरवतो. यात बी-१२ ची जागा अशी आहे की ते नसेल तर भाजीतून आलेलं फोलेटही एका टप्प्यावर अडकून पडतं. पुढचं चक्र मंदावतं आणि रक्तात होमोसिस्टीन साठू लागतं. म्हणजे नुसती भाजी किंवा नुसती गोळी पुरत नाही.

दुसरी खूण डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनांवर बसते. ती ॲसिटिल गटाची. हा गट येतो ॲसिटिल-कोएन्झाइम-ए या रेणूपासून, आणि हा रेणू साखर व चरबी जाळतानाच तयार होतो. पेशीत इंधन भरपूर असेल तर खुणा बसायला कच्चा माल भरपूर. आपण अन्नाचं काय करतो आणि जनुकं काय करतात, या दोन गोष्टी मी कॉलेजात वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकले. पेशीला त्या वेगळ्या नाहीत. तिसरी वाट आतड्यातून जाते. चोथा आणि न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जिवाणू त्याचं ब्युटिरेट करतात. ते आतड्याच्या अस्तराचं अन्न आहेच, शिवाय ॲसिटिल खुणा पुसणाऱ्या विकरांना ते रोखूनही धरतं. शिजवलेला स्टार्च थंड झाला की त्यातला काही भाग पचायला अवघड होऊन जिवाणूंपर्यंत जातो. रात्रीची शिळी भाकर आणि ताक खाऊन वावरात जाणाऱ्या माणसाच्या पोटात हे सगळं रोज घडत होतं.

खुणा कायमच्या असतात असंही नाही. डेन्मार्कमध्ये काही निरोगी तरुणांना पाच दिवस भरपूर चरबीचं, गरजेपेक्षा जास्त जेवण दिलं आणि मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. हजारो जनुकांवरच्या मिथाइल खुणा हलल्या होत्या. नेहमीच्या जेवणावर परत आल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीही त्या पुरत्या पूर्वस्थितीला आल्या नव्हत्या. २०१२ चा हा अभ्यास. त्याच वर्षी स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की एकदाच जोरकस व्यायाम केला तरी स्नायूतल्या ऊर्जेशी संबंधित काही जनुकांवरच्या खुणा कमी होतात. थोरल्या माणसाच्या शरीरात ही ये-जा चालू असते. ताटातलं बदललं, अंगमेहनत बदलली की नोंदही हलते, आणि मला यात मोठा दिलासा वाटतो.

पण आयुष्यात एक काळ असा असतो की तेव्हाची नोंद खोल बसते.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. शहरांतलं रेशन माणशी दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली गेलं, काही आठवडे तर ५०० च्या आसपास राहिलं. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. मे १९४५ मध्ये सुटका झाली आणि जेवण पुन्हा मिळू लागलं. या दुष्काळाला नेमकी सुरुवात आणि नेमका शेवट होता, दवाखान्यांत जन्माच्या नोंदी शाबूत होत्या, म्हणून त्या वेळी पोटात असलेल्या मुलांचा पुढं साठ वर्षं माग काढता आला. बास हेइमन्स, एल. एच. लुमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जे छापलं ते मी कितीतरी वेळा वाचलं आहे. ज्यांचा गर्भ भुकेच्या दिवसांतच राहिला होता, अशा साठ जणांची त्यांनी त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी तुलना केली. वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावर त्यांच्या मिथाइल खुणा कमी होत्या, सहा दशकांनंतरही. फरक मोठा नव्हता, सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. पण पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. हीच मुलं जन्मली तेव्हा वजनानं ठीक होती, कारण गर्भारपणाच्या शेवटी आईला अन्न मिळालं होतं. उलट ज्यांच्या आईची उपासमार शेवटच्या महिन्यांत झाली ती मुलं जन्मतः हलकी होती, पण त्यांच्यात या जनुकावर हा फरक दिसला नाही. म्हणजे वजनकाट्यावर जे दिसतं ते एक, आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत, आईला पत्ता लागायच्या आत जे लिहिलं जातं ते दुसरं.

मोठेपणी या मंडळींत साखर नीट न पचण्याचं प्रमाण जास्त आढळलं. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरच्या सुइणींच्या जुन्या वह्यांवरून जन्मवजन आणि हृदयविकार यांचा संबंध १९८९ मध्ये दाखवला होता. डच अभ्यासानं त्या संबंधाला रेणूंच्या पातळीवरची एक वाट दाखवली.

माझा मोठा भाऊ १९७३ मधला. बहात्तरच्या दुष्काळात माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, आणि घरी परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी, ज्या थापताना तुटायच्या. भाऊ आजही किडकिडीत आहे. वावरात राबतो, व्यसन नाही, पोट सुटलेलं नाही, आणि चाळिशीच्या आतच त्याला शुगर निघाली. ‘बारक्या माणसाले कशी काय शुगर?’ हे सगळ्या गावानं विचारलं. एका माणसाच्या आयुष्यावरून सिद्ध काहीच होत नाही, हे मला कळतं. पण तो प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर शोधणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याच्या केईएम रुग्णालयात काम करत होता.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. एवढ्या हलक्या बाळांच्या अंगावर चरबीही तितकीच कमी असायला हवी होती. तसं नव्हतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र बरीचशी राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीचं असं हे बाळ. २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. माझ्या भावाच्या किडकिडीतपणाचा अर्थ मला तेव्हा लागला.

त्याच गावांतले आणखी दोन निष्कर्ष मला इथं नोंदवायचेच आहेत, कारण ते थेट आपल्या चुलीशी येतात. पहिला: आईनं एकूण किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा तिच्या ताटात हिरवी भाजी, फळं आणि दूध किती वेळा होतं, याच्याशी बाळाच्या वाढीचा संबंध जास्त होता. दुसरा: निम्म्याहून अधिक बायकांत बी-१२ कमी होतं. आणि ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सर्वाधिक दिसली. वर ज्या चक्राबद्दल लिहिलं, त्याची एक बाजू जोरात आणि दुसरी अडकलेली, हे त्याचं जिवंत रूप.

आता आमच्या वावरांकडे येते. माझ्या लहानपणी आमच्याकडे ज्वारी होती. साठच्या दशकानंतर हायब्रीड आली, पण ज्वारीच. तिच्यात मूग, उडीद, तूर, बांधाला अंबाडी. ज्वारी निघाली की कडबा. कडब्यावर बैलजोडी, गाय, एखादी म्हैस. घरात दूध-ताक-दही असायचं, फार नाही, पण असायचं, आणि ताक तर सुनेच्याही वाट्याला यायचं कारण ते मोजून वाढलं जात नसे. कण्या शिजवून ताकासोबत खाणं हे गरिबाचं जेवण मानलं जाई. नव्वदनंतर सोयाबीन आलं. शंभर-एक दिवसांचं पीक, दसरा-दिवाळीला हातात पैसा, रब्बीला रान मोकळं. शेतकऱ्यानं ते घेतलं यात त्याची काही चूक नाही. ज्वारीला भाव नव्हता, पाखरं आणि रानडुकरं हातचं कणीस ठेवत नव्हती. पण ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरं विकली गेली, जागा ट्रॅक्टरनं घेतली, आणि दूध घरातून गेलं. आता ते पाकिटातून चहापुरतं येतं. बी-१२ चा शाकाहारी माणसाला मिळणारा जवळजवळ एकमेव झरा असा एका पिकाच्या बदलात आटला.

तेवढ्यावर भागलं नाही. पावसाच्या पहिल्या महिन्यात वावरात आणि बांधावर जी भाजी आपोआप उगवते, तरोटा, घोळ, चिवळ, केना, कुंजरा, माठ, ती निंदणाऱ्या बायका ओच्यात घालून घरी आणायच्या. ती विकत घ्यावी लागत नसे, म्हणून तिच्यावर कुणाचा पहिला हक्क नसे. सोयाबीनमध्ये तणनाशक मारतात. मजूर मिळत नाहीत, निंदणाचा खर्च परवडत नाही, म्हणून मारतात. त्यात तण जातं आणि त्या तणातच ही सगळी भाजी असते. फोलेटचा फुकटचा साठा असा गेला. जवसाचं पीकही आटत गेलं, आणि त्याबरोबर जवसाची चटणी. घरात सोयाबीनची पोती लागतात, पण ते कुणी खात नाही. त्याचं तेल पाकिटात भरून परत येतं.

त्या जागी आलं रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आमच्याकडे मुख्यतः गहू आणि तांदूळ. त्यानं भूक हटवली, आणि ज्या घरात माझ्या मायसारखी बाई खडी फोडून मिलो खात होती त्या घराला याचं मोल काय, हे मला कुणी सांगायला नको. तरीही गहू-तांदळाच्या पिशवीत डाळ नाही, भाजी नाही, दूध नाही. पोट भरतं, आणि मिथाइलचा हिशेब तुटीत राहतो. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये स्थापन झालेला ग्रामोद्योग संघ हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ आणि घाणीचं तेल यांचा आग्रह धरत होता. कोंड्यात काय असतं हे तेव्हाच कळलेल्या माणसांचा तो आग्रह होता, आणि ती जागा आमच्या विदर्भातच आहे.

यात उपासांची भर पडते. चतुर्थी, श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र. धरणाऱ्या बहुतेक बायकाच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर शेंगदाण्याचा कूट पडतो तेवढंच बळ. श्रद्धेवर बोट ठेवायचा माझा विचार नाही. पण भादव्यात महालक्ष्म्यांसमोर आंबील, कढी, वडे आणि सोळा भाज्या वाढताना मला दरवर्षी वाटतं की अन्नाची इतकी जाण असलेला समाज आहे हा. बाईच्या ताटात काय काय असावं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. देवीच्या ताटाला त्यानं ते दिलंही. सुनेच्या ताटाला अजून दिलेलं नाही.

बाळंतिणीचं कौतुक मात्र आमच्याकडे होतं. डिंकाचे लाडू, अळीव, मेथी, सुंठ, खारीक-खोबरं, सव्वा महिना न्हाणं-शेकणं, माहेरची माया. सगळं बाळ जन्मल्यानंतर, दूध यावं म्हणून. गर्भारपणात उलट सांगतात: जास्त खाऊ नको, लेकरू मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल. ही भीती उगाच आलेली नाही. दवाखाना लांब असलेल्या गावात अडलेल्या बाईचा जीव गेलेला लोकांनी पाहिला आहे. पण ती भीती ज्या दिवसांत मायला जेवताना हात आखडायला लावते, नेमक्या त्याच दिवसांत लेकराचं यकृत, मूत्रपिंडं आणि स्वादुपिंड घडत असतात.

ऋतूचाही विचार माझ्या मनातून जात नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात केनेबा नावाच्या गावाच्या परिसरात दोनच ऋतू: पावसाचा आणि कोरडा. तिथं पावसाळ्यात आणि कोरड्या दिवसांत गर्भ राहिलेल्या बायकांच्या रक्तात मिथाइल पुरवणारे घटक मोजले, पुढं त्यांच्या बाळांच्या पेशींतल्या खुणा मोजल्या. २०१४ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की आईच्या रक्तातले हे घटक ऋतूप्रमाणे बदलतात, आणि गर्भ कोणत्या ऋतूत राहिला त्याप्रमाणे बाळाच्या खुणाही बदलतात. आमच्याकडे लग्नं वैशाख-ज्येष्ठात. पाठोपाठ पेरणी, मग निंदण. आषाढ-श्रावणात घरातलं जुनं धान्य सरत आलेलं, उधारी वाढलेली, आणि नवी सून दिवसभर चिखलात कंबरेत वाकलेली. अनेक पहिलटकरणींचे दिवस याच सुमाराला राहतात. पुण्याच्या गावांमध्ये गर्भार बाईच्या कष्टाच्या कामाचा आणि बाळ हलकं असण्याचा संबंध दिसला होता. वऱ्हाडातल्या बायकांच्या रक्तात आषाढात काय उरलेलं असतं, हे अकोल्याच्या किंवा सेवाग्रामच्या एखाद्या संशोधकानं गावात येऊन मोजावं, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

इथं एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. हे सगळं वाचून ‘म्हणजे दोष आईचाच’ असं म्हणणारे लोक मला भेटतात, आणि त्यांचं म्हणणं मला सहन होत नाही. मागून जेवायचं हे तिनं एकटीनं ठरवलेलं नाही. शिवाय वडिलांचा वाटाही या हिशेबात आहे: कमी प्रथिनांवर वाढवलेल्या नर उंदरांच्या पिल्लांच्या यकृतात चरबी-कोलेस्टेरॉलशी संबंधित जनुकांचं वागणं बदललेलं २०१० मध्येच दिसलं आहे. आणि खूण म्हणजे ललाटरेषा नव्हे. एका नमुन्यात सरासरी काही टक्क्यांचा फरक असणं आणि एका माणसाला अमुक वयात मधुमेह होणं, यांच्यात वाढीची सगळी वर्षं, श्रम, झोप, शाळा, कर्ज, गोळ्या, कितीतरी गोष्टी येतात. रक्तात सापडलेली खूण यकृतात तशीच असेल असंही नसतं. भावाला मी हेच सांगते, आणि तो चालतो, भाकर खातो, औषध चुकवत नाही. त्याची साखर आज आटोक्यात आहे.

सरकारी योजना गावात पोचतात, हे मी पाहते. आशाताई दारी येतात, अंगणवाडीत नाव नोंदवलं जातं, लोहाच्या आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. पण नोंद होते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याची खात्री पटेपर्यंत ते काम उरकलेलंही असतं. मिथाइलच्या अनेक खुणा तर त्याहून आधी, गर्भ गर्भाशयात रुजत असतानाच, पुसल्या जाऊन नव्यानं लिहिल्या जातात. किशोरवयीन मुलींना आठवड्याची निळी गोळी मिळते, ती चांगलीच आहे, पण तिच्यात बी-१२ नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक प्रयोग झाला. तिथल्या बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासूनच रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला. दुसऱ्या गटाला साधा खाऊ. ज्यांनी पालेभाजी-दुधाचा खाऊ गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाल्ला त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जड होती. गर्भारपणातल्या मधुमेहाचं प्रमाण साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के, या गटात ७.३ टक्के. पुढं या मुलांच्या रक्तातल्या खुणाही तपासल्या. त्यांत ठळक फरक सापडला नाही. मला यानं निराश वाटलं नाही. खुणांचं शास्त्र अजून तरुण आहे, ते आपल्या गतीनं पुढं जाईल. भाजी, फळ आणि दूध यांनी आईची साखर सांभाळली, एवढं आमच्या गावाला कामाला लागायला पुरे आहे.

आमच्या गावात दोन-तीन सासवांनी एक साधी गोष्ट सुरू केली आहे. स्वयंपाक झाला की सगळ्यांत आधी सुनेचं ताट वाढून झाकून ठेवायचं: भाजी, वरण, दह्याची वाटी. मग ती हवी तेव्हा जेवो. क्रम मोडत नाही, कुणाला वाईट वाटत नाही, आणि वाटा शाबूत राहतो. यातल्या एकीनं मला सांगितलं, ‘मले कोनं काढून ठेवलं नव्हतं व बाई.’ एवढंच म्हणून ती चूल सारवायला लागली.

माझं स्वतःचं भांडण शाळेपासून सुरू होतं. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत आहे. आठवीतल्या मुलीला दुपारी खिचडी, उसळ, कधी शेंगदाण्याचा लाडू मिळतो. जूनमध्ये ती नववीत जाते आणि तिचं ताट बंद होतं. चौदाव्या वर्षी, जेव्हा तिची हाडं, रक्त आणि गर्भाशय वाढीच्या ऐन भरात असतात. नववी-दहावीच्या माझ्या बहुतेक मुली डब्यात पोळी-चटणी आणतात, काही तेही आणत नाहीत. यातल्या कितीतरी चार-पाच वर्षांत कुणाच्या तरी घरात मागून जेवायला बसणार आहेत. यंदा गावातला बचत गट, अंगणवाडीसेविका आणि मी असा विषय ग्रामसभेत मांडणार आहोत: नववी-दहावीच्या मुलींना शाळेतच दुपारचं जेवण, त्यात आठवड्यातून तीन दिवस अंडं, आणि ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांना पेलाभर दूध. ज्वारी गटातल्याच दोघी पिकवतात, त्या द्यायला तयार आहेत. अंबाडी आणि शेवग्यासाठी शाळेच्या मागची जागा नांगरून ठेवली आहे. पैशाचा प्रश्न निघेल, आणि त्याचं उत्तर म्हणून मी भावाच्या महिन्याच्या औषधांची बिलं सोबत नेणार आहे.